कराडमध्ये दोन दिवसांचा चित्रपट महोत्सव घ्यायचा आहे, आधी कशाला हात घालावा?

कराडच्या सात-आठ जणांच्या एका गटाने विचारलं आहे: "येत्या हिवाळ्यात दोन दिवसांचा स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव घ्यायचाय. लघुपट आणि दोन-तीन मोठे चित्रपट. पैसे जेमतेम आहेत. चित्रपट निवडायचे कसे, परवानग्या कोणत्या लागतात, आणि बातम्यांत ज्या चित्रपटांचा गवगवा होतो त्यावर किती भरवसा ठेवायचा?" सोबत खर्चाचा कच्चा आराखडाही जोडलाय.

मी सांगलीत अठरा वर्षं हे काम करतोय. पहिली तीन वर्षं खुर्च्या लावल्या, मग प्रोजेक्शन सांभाळलं, आता निवड समितीत बसतो. म्हणून आधी आराखड्याबद्दलच बोलतो. तुमचा सगळ्यांत मोठा आकडा उद्घाटनाच्या पाहुण्याचा आहे. त्याखाली ट्रॉफ्या, शाली, फेटे, फ्लेक्स. आणि प्रोजेक्टरसमोर लिहिलंय, "हॉलचाच आहे, खर्च शून्य". हा कागद उलटा करा. पाहुणे अर्ध्या तासात निघतील, लोक मात्र दोन दिवस त्या पडद्यासमोर बसणार आहेत. ज्या मुलाने उसनवारी करून चित्रपट केलाय, त्याला तो पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर दिसणार आहे. तिथे काळा रंग करडा दिसला आणि संवाद घुमले, तर शाल घालून त्याची भरपाई होत नाही. तुमच्याकडे जो रुपया आहे तो आधी अंधार, उजेड आणि आवाज यांवर खर्च करा.

हॉलचा प्रोजेक्टर बहुतेक वेळा सेमिनारसाठी घेतलेला असतो. त्यावर अक्षरं छान दिसतात, रात्रीचं दृश्य आलं की सगळं चिखल. थिएटरच्या पडद्याची चमक १४ फूट-लॅम्बर्ट असावी असं मानक आहे. २० फूट रुंद पडद्याला त्या हिशेबाने प्रोजेक्टरचा उजेड साधारण सव्वातीन हजार ल्युमेन (हे उजेडाचं माप) पुरायला हवा, पण तो हिशेब पूर्ण अंधारातला आणि नव्या दिव्याचा. आपल्या मंगल कार्यालयांत आणि कॉलेजच्या हॉलमध्ये झरोके असतात, दारं उघडतात, दिवा जुना असतो. म्हणून पाच-सहा हजार ल्युमेनच्या खालचा प्रोजेक्टर घेऊ नका. भाड्याने मिळतो. ठरवण्याआधी दुपारी बाराला हॉलमध्ये जा, सगळे दिवे बंद करा आणि दहा मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावले की उजेड कुठून कुठून येतोय ते दिसायला लागतं. त्या प्रत्येक फटीला काळं कापड लागेल. आम्ही मांडववाल्याकडून काळी कनात शिवून घेतली होती, सव्वादोनशे फूट. इतक्या वर्षांत त्या कनातीइतकी उपयोगी दुसरी कुठलीही खरेदी आमच्याकडून झालेली नाही.

लहानपणी मी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलाय. ट्रकमध्ये बसवलेला प्रोजेक्टर आणि त्यातून निघालेला उजेडाचा पट्टा. त्या लोकांना अंधाराची किंमत बरोबर ठाऊक होती, सूर्य बुडाल्याशिवाय खेळ सुरू व्हायचा नाही. आपण दुपारी तीनचा खेळ लावतो आणि खिडकीवर वर्तमानपत्र चिकटवतो.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. लग्नाच्या डीजेचे स्पीकर नकोत. संवाद मधून आला पाहिजे, म्हणजे पडद्यामागे किंवा लगेच खाली एक स्पीकर हवाच. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की कमी घुमतो. म्हणून चाचणी घेताना मागच्या रांगेत सतरंज्या टाका. थिएटर भाड्याने घेतलंत तर ऑपरेटरला विचारा, फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) कितीवर ठेवता. साउंड मिक्स करणारे सातचा आकडा धरून काम करतात आणि थिएटरवाले तो सर्रास चार-पाचवर ठेवतात. मग दिग्दर्शकाने मुद्दाम हळू ठेवलेला संवाद कुणालाच ऐकू येत नाही आणि दोष चित्रपटाला मिळतो.

आता फाईलकडे. मोठे चित्रपट तुमच्याकडे डीसीपी म्हणून, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या डिजिटल रूपात येतील. ही एक फाईल नसते, आख्खा फोल्डर असतो. दीड तासाच्या चित्रपटाला शंभर-दीडशे जीबी सहज लागतात. हार्ड डिस्क बहुधा लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, त्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपला लावली की तो "डिस्क फॉरमॅट करू का?" असं विचारतो. त्या वेळी घाईत कुणीही "हो" दाबायचं नाही. हे वाक्य कागदावर लिहून डिस्कच्या पिशवीला चिकटवा. आमच्याकडे असं एकदा होता होता वाचलं. दुसरं असं की तालुक्याच्या अनेक एकपडदा थिएटरांत डीसीपी चालवणारा सर्व्हरच नसतो, त्यांची व्यवस्था वेगळ्या प्रकारच्या फाईलची असते. "आमच्याकडे सगळं डिजिटल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. हातात एक छोटा डीसीपी घेऊन जा आणि चालवून बघा. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर तो घरच्या घरी करता येतो.

डीसीपीला कुलूप असेल तर केडीएम नावाची किल्ली लागते. ही किल्ली एका ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच बनते. इथे आम्ही जे भोगलं ते सविस्तर सांगतो, कारण ते तुमच्यावर येऊ नये.

रविवारी सकाळी दहाचा खेळ. चित्रपट नवीन, दिग्दर्शक जत तालुक्यातला. आईला आणि दोन मावश्यांना घेऊन पहाटेच्या एसटीने आला होता. आदल्या रात्री आम्ही डिस्क सर्व्हरवर चढवली. किल्ली ईमेलने आलेली, तीही चढवली. सगळं हिरवं दिसत होतं, म्हणून निर्धास्त झोपलो. सकाळी दहाला दिवे मालवले, बटण दाबलं, पडदा काळाच. सर्व्हर म्हणतोय, किल्लीची वेळ सुरू झालेली नाही. ईमेल पुन्हा उघडला. त्यात "सकाळी १० पासून" असंच होतं. पाच मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मग प्रोजेक्शनवरच्या पोराच्या लक्षात आलं की किल्ली करणाऱ्याने दहा धरले ते ग्रीनिचच्या वेळेने. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. म्हणजे चित्रपट उघडणार दुपारी साडेतीनला.

हॉलमध्ये दोनशे माणसं. मी पुढे जाऊन खरं काय झालं ते सांगितलं, दुपारचे लघुपट सकाळी घेतले आणि तो चित्रपट पावणेचारला लावला. साठेक माणसं परत आली. आई आणि मावश्या उन्हात गेटजवळ बसून राहिल्या होत्या, कारण परतीची गाडी संध्याकाळची होती. दिग्दर्शक एका शब्दाने बोलला नाही. शेवटी आईने पदराने डोळे टिपले, ते चित्रपटासाठी की दिवसभराच्या दमणुकीने, मला कळलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: किल्ली खेळाच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल अशी मागायची, वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहून मागायची आणि आदल्या रात्री चित्रपट खरोखर चालवून बघायचा. पहिली पाच मिनिटं, मधली दोन, शेवटची दोन. नुसतं हिरवं दिसलं म्हणून घरी जायचं नाही. लघुपटवाल्यांना सांगा, कुलूप लावूच नका.

निवडीबद्दल तुम्ही विचारलंत "निकष काय ठेवावेत". निकषांचा तक्ता करून त्यात गुण भरू नका. आम्ही ते दोन वर्षं केलं. त्यात नीटनेटके, कुणालाच न खुपणारे चित्रपट वर येतात, कारण सगळ्यांचे सातच गुण. ज्याला एकाने दहा आणि दुसऱ्याने तीन दिले, तो मधे पडून बाहेर जातो, आणि बहुतेक वेळा बघण्यासारखा तोच असतो. आता आम्ही तिघं बसतो. प्रत्येकाला एक हक्क आहे: बाकी दोघांना पटलं नाही तरी एक चित्रपट तो ठामपणे आत घेऊ शकतो. तासगावकडच्या एका मुलीचा बावीस मिनिटांचा लघुपट असाच आत आला. मोबाइलवर चित्रित केलेला, वाऱ्याचा आवाज सगळीकडे. द्राक्षाच्या बागेत डिपिंग करणाऱ्या, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणाऱ्या बायकांचे हात दिसतात आणि त्यांच्या गप्पा चालतात, एवढंच. दोघांनी पहिल्या चार मिनिटांत नको म्हटलं होतं. तिसरीने हट्टाने शेवटपर्यंत बघायला लावला. त्या वर्षी सगळ्यांत जास्त वेळ चर्चा त्यावर झाली, आणि प्रश्न विचारणाऱ्यांत बागायतदारच जास्त होते.

म्हणून एक अट पाळा: आलेला लघुपट पूर्ण बघायचा. तुम्हाला झेपतील तेवढेच मागवा. शंभर आले आणि माणसं तीन, तर रात्री अकरानंतर डोळे मिटतात आणि अन्याय तिथेच होतो. रोज दहाच बघा. प्रवेश शुल्क घेऊ नका. ज्याच्याकडून पैसे घेऊन तुम्ही नाही म्हणता, त्याच्या मनात ते राहतं. पहिल्या वर्षी स्पर्धाही ठेवू नका. बक्षिसाच्या पैशातून प्रत्येक चित्रपटाला थोडं का होईना मानधन द्या. नाही म्हणायचं असेल तेव्हा दोन ओळी स्वतः लिहा. सगळ्यांना एकच छापील मजकूर पाठवला तर समोरच्याला तो लगेच ओळखू येतो.

परवानगीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक मालकाची, दुसरी सरकारची. मालकाची म्हणजे ज्याच्याकडे प्रदर्शनाचे हक्क आहेत त्याची. दिग्दर्शक मित्र आहे आणि "लाव की" म्हणाला, तेवढं पुरत नाही. हक्क निर्मात्याकडे असतात, कधी वितरकाकडे, कधी ओटीटीला गेलेले असतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्याचा चित्रपट असेल तर पत्र संस्थेला लिहावं लागतं. आपल्या घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये चित्रपट लावणं चालत नाही, यूट्यूबवर फुकट दिसतो म्हणून तोही परवानगीवाचून नाही. ईमेलमध्ये तारीख, जागा, किती खेळ आणि नंतर फाईल पुसून टाकू, एवढं स्पष्ट लिहा.

सरकारचं म्हणजे सेन्सॉर. प्रमाणपत्र असलेला चित्रपट असेल तर प्रश्न नाही. नसेल तर सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ च्या कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून महोत्सवापुरती सूट मागता येते. त्यासाठी चित्रपटांची यादी, कथासार आणि तुमच्या निवड समितीची शिफारस द्यावी लागते. खेळ फक्त नोंदणी केलेल्या प्रतिनिधींसाठी ठेवावा लागतो, बाहेर तिकीटखिडकी उघडता येत नाही. म्हणून "प्रवेश सर्वांना खुला" असा फ्लेक्स लावण्याआधी विचार करा. यादी लवकर पक्की करा, शेवटच्या आठवड्यात नवीन चित्रपट घुसवू नका. शाळेच्या मुलांसाठी सकाळचा खेळ ठेवणार असाल तर प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आलेत, ते बघून इयत्ता ठरवा.

सबटायटलवर थोडा थांबतो, कारण लहान गावातला महोत्सव इथे मोठ्या महोत्सवाच्या पुढे जाऊ शकतो. परभाषेतला चित्रपट इंग्रजी सबटायटलवर दाखवला की अर्धा हॉल मध्यंतरात उठतो. आम्ही दरवर्षी एका तरी चित्रपटाला मराठी सबटायटल करतो. निर्मात्याकडून संवादांची यादी आणि एसआरटी फाईल (वेळेसकट सबटायटलचा मजकूर) मागवायची, चार जणांनी वाटून भाषांतर करायचं, मग एकाने आख्खं वाचायचं. दोन ओळींच्या वर मजकूर न्यायचा नाही. पहिल्या वर्षी आमच्या टायपिस्टने ते श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलं आणि पडद्यावर नुसती चिन्हं आली. काम युनिकोडमध्येच करून घ्या. आणखी एक खाचखळगा: डीसीपीत सबटायटल वेगळी फाईल म्हणून ठेवली तर काही सर्व्हर आपली जोडाक्षरं फोडतात, वेलांटी भलतीकडे जाते. निर्मात्याला विचारून ती चित्रावरच छापून घ्या. विटा-खानापूरकडचे एक आजोबा एक इराणी चित्रपट मराठीत वाचून आले आणि म्हणाले, "हे तर आमच्याच माणदेशातलं आहे." तेवढ्यासाठी आम्ही पंधरा रात्री बसलो होतो आणि पुन्हा बसू.

आता बातम्यांचं. "अमुक मराठी चित्रपट कान महोत्सवात" अशी बातमी दर मे महिन्यात येते. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बसवलेल्या असतात. कानची अधिकृत निवड ही एक. तिथेच समांतर चालणारे, स्वतंत्र निवड असलेले विभाग ही दुसरी. आणि १९५९ पासून चालणारा तिथला चित्रपट बाजार ही तिसरी. बाजारात पैसे भरून खेळ लावता येतो. आपलं राज्य शासनही काही मराठी चित्रपट निवडून तिथे पाठवतं. बाजारात जाण्यात कमीपणा काही नाही, चित्रपट विकायला तिथे जावंच लागतं. पण ती स्पर्धेतली निवड नव्हे. उलट २०१४ ला 'कोर्ट'ला व्हेनिसच्या होरायझन्स विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, किंवा २०२५ ला 'साबर बोंडं'ला सनडान्समध्ये जागतिक विभागातला ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ही शेकडो चित्रपटांतून झालेली निवड होती. दोन्ही बातम्या आपल्याकडे एकाच मथळ्यात छापल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. खरं कमावलेल्याचं मोल त्यात कमी होतं.

म्हणून कुणी पोस्टरवर महोत्सवातल्या निवडीची खूण म्हणून छापतात त्या पानांच्या वीस झुपक्यांची रांग घेऊन आला तर भुलू नका आणि त्याला हिणवूही नका. त्या महोत्सवाच्या वेळापत्रकात चित्रपटाचं नाव, विभाग, तारीख आणि थिएटर दिसतं का ते बघा. दर महिन्याला "पुरस्कार" देणारे आणि प्रत्यक्ष खेळ न करणारे महोत्सव बरेच आहेत. पोरांनी त्यात हजारो रुपये घातलेले असतात. तो लघुपट तरीही चांगला असू शकतो, तुम्ही तो स्वतः बघा.

कमाईच्या आकड्यांचंही तसंच. एकूण विक्री, कर वजा जाता राहिलेली रक्कम आणि वितरकाच्या हातात येणारा वाटा, हे तीन आकडे वेगळे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला तंटा मिटला तेव्हा पहिल्या आठवड्याला ५०, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा वितरकाचा वाटा ठरला. म्हणजे बातमीत दहा कोटी दिसले तरी निर्मात्याकडे त्यातलं किती पोचलं, ते त्या आकड्यावरून कळत नाही. तुमच्या निवडीला या आकड्यांचा काहीही उपयोग नाही.

स्वतःची बातमी देताना एवढं करा: पाहुण्यांच्या नावाआधी चित्रपटांची नावं, दिग्दर्शकांची गावं आणि खेळाच्या वेळा लिहा. तालुक्याच्या बातमीदाराला तयार मजकूर आणि चित्रपटातलं एक दृश्य द्या. आपण दीपप्रज्वलनाचा फोटो पाठवतो, म्हणून तोच छापून येतो.

तारखा धरताना नोव्हेंबरचा शेवट टाळा, गोव्यात इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि दिग्दर्शक तिकडे असतात. पुण्याचा महोत्सव बहुधा जानेवारीत असतो. त्याला लागून पुढचा शनिवार-रविवार घेतलात तर पुण्यापर्यंत आलेले लोक कराडला येऊ शकतात. ऊसतोडीचा हंगाम असेल, त्यामुळे गावाकडच्या माणसांसाठी संध्याकाळचा खेळ ठेवा. आपला प्रेक्षक नाटकाचा आहे. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत खेळ केला, तेव्हापासून या भागाला मध्यंतराची सवय आहे. दीड तासाचा चित्रपट मधे तोडू नका, पण दोन खेळांच्या मध्ये पाऊण तास ठेवा. चहा तिथेच मिळू द्या आणि दिग्दर्शकाला त्या चहाच्या टेबलापाशी उभं करा. मंचावर माइक घेऊन विचारायला लोक लाजतात. कप हातात असला की बोलतात.

हॉल ठरला की आधी खिडक्या मोजा आणि माप कळवा. आमची काळी कनात जानेवारीत मोकळी असते, सव्वादोनशे फूट आहे, एक-दोन ठिकाणी ठिगळ लावलंय. टेम्पो तुमचा आणा. खेळाच्या आदल्या रात्री मी प्रोजेक्शनला येऊन बसेन.